पानिपतावर भाऊसाहेब का हरले? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी आली की तेच ते मेसेज फिरायला लागतात. होळकर पळाले म्हणून हरलो, बायका-पोरं बरोबर नेली म्हणून हरलो, भाऊ हत्तीवरून उतरले म्हणून हरलो. सगळ्यांत थोडं थोडं तथ्य आहे, पण माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मी कुठल्या बाजूने बोलतोय ते कळेल. लढाई १४ जानेवारीच्या दुपारी हातची गेली हे खरं, पण ती उपाशीपोटी लढायची वेळ आली तिथेच अर्धी हार झाली होती, आणि ती वेळ आणली ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात यमुनेच्या एका उताराने. बाकी सगळं त्याच्यानंतरचं.

आधी थोडक्यात सांगा, कोण कोणाशी लढलं?

बुधवार, १४ जानेवारी १७६१. एका बाजूला सदाशिवराव भाऊंच्या हाताखालची मराठी फौज, दुसऱ्या बाजूला अहमदशाह अब्दाली आणि त्याच्याबरोबर नजीबखान रोहिला, बाकीचे रोहिले आणि अवधचा नवाब शुजाउद्दौला. जागा दिल्लीच्या उत्तरेला साधारण ९० किलोमीटरवर. आकड्यांवरून लोक अजून भांडतात, पण लढणारी माणसं मराठ्यांकडे पन्नास हजारांच्या आसपास आणि अब्दालीकडे त्याहून काहीशी जास्त, असा अंदाज बऱ्यापैकी मान्य आहे. म्हणजे तीन-चार लाख मराठे वगैरे जे फिरतं ते सगळे सैनिक नव्हते हे लक्षात ठेवा.

भाऊसाहेब खरंच एवढे मोठे सेनापती होते का? की नुसतं पेशव्यांच्या घरातले म्हणून?

चिमाजीअप्पांचा मुलगा, नानासाहेब पेशव्यांचा चुलतभाऊ, जन्म १७३०, म्हणजे पानिपताच्या वेळी वय फक्त तीस. पुण्यात कारभार बघायचे आणि हिशेबाला एकदम कडक होते. रणांगणावरचं नाव झालं ते उदगीरला, फेब्रुवारी १७६० मध्ये निजामाला तिथे असा कोंडला की साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बुऱ्हाणपूर अशी ठिकाणं पदरात पडली. त्यामुळे नुसतं नात्यावर मिळालेलं पद नव्हतं ते.

पण उदगीरचा एक साइड इफेक्ट झाला. तिथे कवायती पायदळ आणि तोफखान्याचा जोर भाऊंना दिसला, आणि आधी निजामाकडे असलेला, फ्रेंच बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी आता मराठ्यांकडे आला. भाऊंचा भरवसा बसला तो तोफांवर आणि गारद्यांवर, म्हणजे त्याच्या कवायती बंदूकधारी पायदळावर. भरवसा चुकीचा नव्हता हो, पण अशी फौज जड असते, हळू चालते, आणि तिला रोज पोटाला लागतं. दख्खनमध्ये शंभर कोसांवर आपलंच गाव असतं म्हणून ते खपून जातं. उत्तरेत भाऊ त्याआधी कधी लढलेच नव्हते.

मग उत्तरेचा अनुभव असलेल्या राघोबादादांना का नाही पाठवलं?

दादा १७५८ मध्ये लाहोरपर्यंत जाऊन आले, अटकेपार झेंडे त्याच मोहिमेतले. पण येताना खजिन्याऐवजी कर्ज घेऊन आले आणि मागे पंजाबात टिकेल अशी फौज ठेवली नाही. हिशेबाला पक्का माणूस पाहिजे म्हणून भाऊ, असा तो सगळा मामला. आणि जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते, त्यामुळे कोणीतरी मोठं जाणं भागच होतं. नानासाहेबांनी थोरला मुलगा विश्वासराव बरोबर दिला. पैसा मात्र पुरेसा दिला नाही, तो उत्तरेतच वसूल करा असं धोरण. उत्तरेत वसुलीला मुलूख होता, पण वसूल करायला निवांतपणा लागतो ना, समोर अब्दाली असताना कोण खंडणी देणार.

बाजारबुणगे आणि यात्रेकरूंमुळेच हरलो ना?

ह्या उत्तराने बऱ्याच जणांचं समाधान होतं कारण त्यात कोणाचंच नाव घ्यावं लागत नाही.

त्या काळच्या प्रत्येक मोठ्या फौजेमागे बुणगे असायचेच, मोगलांच्या तर चालती शहरंच असायची. घोड्याला मोतद्दार लागतो, तोफेला बैल आणि बैलाला माणूस लागतो, वाणी लागतो, लोहार लागतो. ही माणसं काढली तर फौज उभीच राहत नाही. प्रश्न होता तो वरच्या लोकांचा, म्हणजे सरदारांची कुटुंबं आणि काशी-मथुरा-कुरुक्षेत्र करून येऊ म्हणून फौजेच्या आसऱ्याने निघालेली मंडळी. ह्यांना ग्वाल्हेरला किंवा भरतपूरच्या किल्ल्यात ठेवता आलं असतं. ठेवलं नाही, ही चूक भाऊंची आणि ती मोठी चूक आहे. पण रस्ता मोकळा असता तर ही तोंडं भरता आली असती. रस्ता बंद झाल्यावर त्यांचं ओझं झालं, आधी नाही.

सूरजमल जाटाने चांगला सल्ला दिला होता आणि भाऊंनी ऐकला नाही, खरं का?

सल्ला दिला होता असं सगळीकडे येतं: जड तोफा आणि बायका-मुलं माझ्या किल्ल्यात ठेवा, हलकी फौज घेऊन अब्दालीची रसद मारा. मल्हारराव होळकरांचंही तेच म्हणणं होतं. ऐकलं नाही. पण सूरजमल सोडून गेला त्याला एवढंच कारण नव्हतं, दिल्ली घेतल्यावर तिथला कारभार कोणाच्या हातात, वजीर कोण, ह्यावरूनही बिनसलं. त्यात दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढून भाऊंनी नाणी पाडली, पगार द्यायला पैसा नव्हता म्हणून, आणि ते त्याला आवडलं नाही असं सांगतात. छत गेल्याचं मला फार वाईट वाटत नाही, पण ऑगस्टमध्येच छत उचकटायची वेळ आली होती ह्यावरून खजिन्याची हालत काय असेल ते समजा.

जाताना त्याच्याबरोबर भरतपूरचं धान्य गेलं. हा खरा तोटा. तरी पानिपतानंतर पळून आलेल्या हजारो लोकांना अन्न, कपडे, औषध त्यानेच दिलं, ते विसरू नका.

बाकी कोणीच का नाही आलं मदतीला?

जयपूर, जोधपूरवाले गप्प बसले, कारण वीस वर्षं आपण त्यांच्या गादीच्या भांडणांत पडून पैसे उकळत होतो. शुजाचा बाप सफदरजंग मराठ्यांचा मित्र, त्यामुळे शुजा आपल्याकडे येईल अशी आशा होती, पण नजीबखान स्वतः जाऊन त्याला घेऊन आला, जुलैतच. नजीबासारखा वकील आपल्याकडे नव्हता, एवढंच.

यमुनेवर नक्की काय झालं? तुम्ही त्यालाच एवढं महत्त्व का देता?

इथे जरा नीट वाचा, नकाशा उघडून वाचलंत तर जास्त बरं.

उन्हाळ्यात भाऊंचा प्लॅन होता की यमुना ओलांडून दुआबात, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखात, घुसायचं, कारण अब्दालीचा तळ तिकडे आणि त्याला दाणापाणी पुरवणारा नजीबाचा मुलूखही तिकडेच. गोविंदपंत बुंदेल्यांना नावा गोळा करायला सांगितल्या होत्या. पण मोहीम निघाली मार्चमध्ये, चंबळ गाठेपर्यंत जून, पाऊस लागला, यमुना फुगली आणि तो बेत बुडाला. म्हणून मग दिल्ली घेतली, ऑगस्टच्या सुरुवातीला.

ऑक्टोबरमध्ये भाऊ दिल्लीतून उत्तरेला निघाले आणि १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतलं. कुंजपुरा कर्नालजवळ यमुनेकाठी, अब्दालीसाठी साठवलेलं धान्य तिथे होतं, ते सगळं मिळालं, दत्ताजींना मारणारा कुतुबशाह तिथे सापडला आणि त्याला ठार केलं. मोठा विजय होता, दसरा दोन दिवसांवर, सगळे खूश. तिथून पुढे कुरुक्षेत्राकडे निघाले.

आणि अब्दाली पलीकडच्या काठावरून हे सगळं बघत होता. डोळ्यांसमोर त्याची माणसं मारली गेली आणि मधे नदी. त्याने २५-२६ ऑक्टोबरला बागपतला नदी ओलांडली. पाणी अजून बरंच होतं, त्याची बरीच माणसं वाहूनही गेली म्हणतात, तरी उतरला. बागपत कुठे, तर दिल्ली आणि पानिपतच्या मधे! म्हणजे भाऊ उत्तरेला कर्नालकडे आणि शत्रू त्यांच्या पाठीमागे, दिल्लीच्या वाटेवर. दिल्लीत नारो शंकर काही फौज घेऊन बसलेले, पण त्यांच्या आणि भाऊंच्या मधे आता अख्खी अफगाण फौज.

नदी उतरताना फौज सगळ्यात कमजोर असते, अर्धी इकडे, अर्धी तिकडे, तोफा नावेत. त्या दोन दिवसांत उतारावर पाच-सात हजार घोडा असता तर कदाचित पानिपत हे नाव आपल्याला बाबरापुरतंच माहीत असतं. पहारा नीट नव्हता, बातमी उशिरा आली. भाऊंना वाटलं पाणी उतरेपर्यंत अब्दाली येत नाही. माझ्या मते अख्ख्या मोहिमेतली सगळ्यात महाग चूक हीच.

मग ते समोरासमोर आल्यावर लगेच लढाई का नाही केली? अडीच महिने बसून राहिले?

नोव्हेंबरच्या सुरुवातीला दोन्ही फौजा पानिपतजवळ समोरासमोर येऊन बसल्या, मराठ्यांनी गावाभोवती खंदक खणला, तोफा लावल्या. तेव्हा परिस्थिती वाईट नव्हती हे लोक विसरतात. आपण अब्दालीची अफगाणिस्तानची वाट अडवली होती, त्याने आपली दिल्लीची, आणि सुरुवातीला उपासमार त्याच्याही छावणीत होती. भाऊंचा हिशेब असा की मागून गोविंदपंत त्याची रसद तोडतील, पुण्याहून नानासाहेब नवी फौज घेऊन येतील, मग अब्दालीच मधे सापडेल. कागदावर प्लॅन चांगलाच होता.

७ डिसेंबरच्या रात्रीच्या चकमकीत बळवंतराव मेहेंदळे पडले. भाऊंचा उजवा हात तो, लढाई करायचीच म्हणणारा, आणि तो गेल्यावर छावणीतला जोरच ओसरला. मग डिसेंबरातच गोविंदपंत मारले गेले.

गोविंदपंत बुंदेल्यांनी दगा दिला का?

नाही. मूळचे कोकणातले गोविंद बल्लाळ खेर, बुंदेलखंडात मामलत बघणारे, वय झालेलं, आयुष्य वसुलीत गेलेलं. त्यांना घोडदळ घेऊन शत्रूची रसद मारायचं काम दिलं, आणि तरी त्यांनी काही काळ ते केलं, अब्दालीच्या तळावर धान्य महाग झालं. मग अब्दालीने अताईखानाला पाठवून त्यांना बेसावध गाठलं. ह्या कामाला एखादा शिंदे-होळकरांच्या तालमीतला गडी पाहिजे होता, पण ते सगळे पानिपतच्या खंदकात अडकून बसलेले. मल्हाररावांना दहा हजार स्वार देऊन नोव्हेंबरातच दुआबात का नाही सोडलं, हा प्रश्न मला विचारलात तर माझ्याकडे भाऊंच्या बाजूने उत्तर नाही.

तिथून पुढे काटा फिरला. अब्दालीचा दुआबाचा रस्ता मोकळा, आपले सगळे बंद. पतियाळाच्या आलासिंगाकडून काही दिवस धान्य येत होतं, तेही तुटलं. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक तुकडी अंधारात वाट चुकून थेट अफगाण छावणीत शिरली आणि कापली गेली. घोडी मरायला लागली, स्वार पायउतार झाले. ऐन थंडी, झाडपाला खायची पाळी. रात्री दाणावैरण शोधायला बाहेर पडलेले लोक सकाळी मेलेले सापडायचे.

नानासाहेब पेशवे तेव्हा काय करत होते?

डिसेंबरच्या शेवटी पैठणला दुसरं लग्न. हो, खरं आहे. भाऊंची पत्रं पोचत नव्हती हेही खरं आहे. मग निघाले ते भेलशापर्यंत (आजचं विदिशा) पोचले, आणि तिथे २४ जानेवारीच्या सुमारास ते 'दोन मोत्ये गळाली'वालं, भाऊ आणि विश्वासराव गेल्याचं आडून सांगणारं सावकारी पत्र हाती पडलं. जूनमध्ये पर्वतीवर वारले.

तह करून सुटता आलं नसतं का?

प्रयत्न शेवटच्या दिवसापर्यंत चालला होता. शुजाच्या पदरी काशीराज पंडित म्हणून दख्खनी ब्राह्मण होता, त्याच्यामार्फत बोलणी, आणि त्यानेच पुढे लढाईची हकीकत लिहून ठेवली. शुजाला तह हवा होता, अब्दालीचा वजीर शाहवलीखानही तयार होता. नजीबखान आडवा आला, कारण अब्दाली निघून गेला की मराठे पहिला हात त्याच्यावर टाकणार हे त्याला पक्कं माहीत. लढाईच्या पहाटे भाऊंची शेवटची चिठ्ठी काशीराजाला गेली, की प्याला काठोकाठ भरलाय, काही करायचं तर आत्ताच करा, पुढे लिहायला-बोलायला वेळ नाही. ती पोचेपर्यंत फौज बाहेर पडली होती.

१४ तारखेचा प्लॅन काय होता? मारू नाहीतर मरू?

नाही, आणि हे समजलं नाही तर त्या दिवसाचं काहीच कळत नाही. गोल बांधून लढत लढत यमुनेकडे आणि तिथून दिल्लीकडे सरकायचं, बाहेरून गारदी आणि तोफा, आत बुणगे आणि कुटुंबं. वाट काढायची होती, अब्दालीला चिरडायचं नव्हतं.

असा गोल चालतो तो शिस्तीवर. गारद्यांना कवायत होती, बाकीच्या घोडदळाला नव्हती, आणि त्यांना हा प्रकार मुळात पटलाच नव्हता. डावीकडे इब्राहिमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांना बेदम मागे रेटलं, तेवढ्यात विंचूरकर आणि गायकवाडांचे स्वार राहवेना म्हणून पुढे घुसले, गारद्यांच्या गोळीबाराच्या मधे आपलेच घोडे आले, रोहिल्यांच्या बंदुकांनी त्यांना परत पिटाळलं आणि गारदी उघडे पडले. हेच मधल्या फळीत तोफखान्याचं झालं. हुजुरात, म्हणजे पेशव्यांची खास फौज, पुढे गेली की मागच्या जड तोफा गप्प, कारण समोर आपलीच माणसं. अब्दालीकडे मोठ्या तोफा कमी, पण उंटांवरच्या जंबुरका, म्हणजे हलक्या तोफा, होत्या, लागेल तिथे पळवत न्यायच्या.

तरी दुपारपर्यंत आपण जिंकत होतो असं म्हणतात ते?

खरंच जिंकत होतो! भाऊंनी हुजुरातीसकट वजीर शाहवलीखानाची फळी फोडली होती, अफगाण पळत होते, वजीर घोड्यावरून उतरून पळणाऱ्यांना शिव्या घालत होता की काबूल लांब आहे, जाताय कुठे. उपाशी माणसांनी हे केलं. सकाळी तोंडाला हळद फासून निघालेली माणसं ती.

इथेच अब्दालीचं मोठेपण. तो पुढे नव्हता, मागे थांबून सगळं बघत होता, आणि त्याच्या हातात राखीव फौज होती. पळणाऱ्यांना आधी त्याच्या नसकची शिपायांनी मारत-झोडत परत फिरवलं, मग दहा हजारांच्या आसपास ताजे स्वार त्याने मधल्या फळीवर सोडले. भाऊंकडे मागे काहीच नव्हतं, जे होतं ते सकाळपासून लढत होतं, आणि सेनापती स्वतः मारामारीत. शौर्य म्हणून ठीक आहे, पण उजव्या बगलेला शिंदे-होळकर अजून फारसे गुंतलेले नव्हते, त्यांना मधे ओढायचा हुकूम देणारं कोणी मागे उरलंच नव्हतं.

विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरले, तेवढ्याने लढाई गेली?

दोन-तीनच्या सुमारास विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ घोड्यावर बसून पुढे घुसले, अंबारी रिकामी दिसली. सेनापती हत्तीवर असतो तो त्याला सगळ्यांनी बघावं म्हणून, आणि तो दिसेनासा झाला की फौज समजते गेला. ह्याच पानिपतावर १५५६ मध्ये हेमूचं तेच झालं, सामूगढला दारा शुकोहचंही. पण पोटात अन्न असलेली आणि मागे राखीव फौज असलेली सेना तो धक्का कदाचित सोसते. आपल्या फौजेत सोसायला काही शिल्लकच नव्हतं.

मल्हारराव होळकर पळाले का?

निघून गेले हे नक्की. मधली फळी फुटल्यावर गेले, आधी नाही, एवढंही बऱ्यापैकी नक्की. १७५७ मध्ये दिल्लीत राघोबादादांच्या तावडीत सापडलेल्या नजीबाला ह्यांच्याच शब्दावर सोडलं होतं, त्यामुळे आतून साटंलोटं होतं असा संशय तेव्हापासून आहे. सोडवणं ही घोडचूकच होती. पण १४ तारखेला थांबून होळकर मेले असते तर निकाल बदलला नसता, मेलेल्यांची यादी वाढली असती. माझा राग त्यांच्या जाण्यावर नाही, आधीच्या नजीबप्रेमावर आहे.

संक्रांतीच्याच दिवशी लढाई झाली ना?

नाही. तिथी पौष शुद्ध अष्टमी. संक्रांत हळूहळू पुढे सरकत आलीय, विवेकानंदांचा जन्म १८६३ चा, १२ जानेवारी, आणि ती संक्रांत होती. त्याच्याही शंभर वर्षं आधी ती अजून एक-दोन दिवस अलीकडे. संक्रांत कोसळली ती नुसती बोलण्यातली.

अब्दालीला काय मिळालं मग?

फार काही नाही. पगार थकले म्हणून त्याचीच फौज कुरकुरायला लागली आणि मार्चमध्ये तो परत गेला. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, महादजी शिंदे दिल्लीत होते. पानिपतावर पायाला जखम होऊन राणेखान भिश्त्याने वाचवलेले तेच महादजी.

भाऊ वाचले होते का? तोतयाचं काय प्रकरण?

वाचले नाहीत. प्रेताची ओळख पटण्यावरून घोळ झाला त्यामुळे अफवा पिकल्या, त्यांच्या बायकोने, पार्वतीबाईंनीही ते गेले असं शेवटपर्यंत मानलं नाही. पुढे सुखलाल नावाचा कनोजी ब्राह्मण भाऊ म्हणून उभा राहिला, कोकणात बरेच लोक त्याच्या मागे गेले, शेवटी १७७६ मध्ये त्याला पुण्यात मारलं.

पानिपतला जायचं तर काय बघायचं?

काला अंब हे शहराबाहेर आहे, तिथे स्मारक आहे, दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून लोक जातात आणि हरियाणातले रोड समाजाचे लोकही येतात, जे स्वतःला पानिपतावरून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. त्यांच्याशी बोला, गप्पिष्ट माणसं आहेत. वेळ असेल तर बागपतला जाऊन यमुनेचं पात्रही बघा, तिकडे सहसा कोणी जात नाही. जानेवारीत धुकं असतं, दिल्लीच्या गाड्या तासन् तास लेट होतात, तेव्हा परतीचं तिकीट त्याच दिवशीचं काढू नका.